यातलं माझं किती

बुधवार, रात्री उशिरा

मायक्रोस्कोपखाली काढलेल्या माझ्या फोटोंचे प्रूफ टेबलावर मांडले होते. मावशी एकेक बघत आली, निळ्यावरच्या केशरी पॅरामिशियमपाशी, म्हणजे पाण्यातल्या एकपेशीय जीवापाशी, थांबली, चष्मा वर केला आणि म्हणाली, "सुरेख गं. पण यातलं तुझं किती आणि त्याचं किती?" पुढे बोलणं गॅसच्या बुकिंगकडे गेलं. मी मात्र तिथेच अडकले.

तसं उत्तर सोपं आहे. पॅरामिशियमला सांगण्यासारखा रंग नसतो. निळा रंग कंडेन्सरखालच्या (स्लाइडखालून उजेड एकवटणाऱ्या भिंगाखालच्या) चकतीचा, केशरी त्या चकतीभोवतीच्या कड्याचा. ज्युलिअस ऱ्हाइनबर्गने १८९६ मध्ये ही युक्ती मांडली. चकतीतून येणारा उजेड सरळ ऑब्जेक्टिव्हमध्ये, म्हणजे जीवाजवळच्या भिंगात, शिरतो, म्हणून पार्श्वभूमी निळी. कड्यातला उजेड इतका तिरका असतो की तो ऑब्जेक्टिव्हला चुकवून निघून जातो; वाटेत एखादा जीव आडवा आला तर त्याच्यावर विखुरून जेवढा वळेल तेवढाच आत येतो. म्हणून जीव केशरी.

सगळी मेख चकती कापण्यात. १० एक्स (दहापट), ०.२५ एनएच्या (भिंग किती तिरका उजेड गोळा करतं त्याचं माप) ऑब्जेक्टिव्हसाठी १२ ते २० मिलिमीटरपर्यंत दोन-दोन मिलिमीटरच्या फरकाने चकत्या कापून ठेवायच्या, आयपीस (डोळ्याकडचं भिंग) काढून नळीत डोकवायचं, आणि तिथे दिसणारं उजेडाचं वर्तुळ जी चकती जेमतेम झाकते ती घ्यायची. लहान पडली तर केशरी गळून निळ्यात मिसळतो आणि सगळं मातकट होतं. मोठी झाली तर जीव अंधारतो. शिवाय मधला रंग कड्यापेक्षा कितीतरी गडद हवा, कारण सरळ उजेडापुढे विखुरलेला उजेड अगदीच क्षीण. जिलेटिन पेपरचे निळे तीन-चार थर लावले तर केशरीचा एकच पुरतो. आणि स्लाइडवर बोटाचा ठसा राहिला असेल तर तोही तितक्याच उत्साहाने केशरी उजळतो.

म्हणजे रंग माझे. मान्य. मग लागलं कशाला? पोर्ट्रेट काढणाऱ्याला कुणी विचारत नाही की यात दिव्याचं किती आणि माणसाचं किती. आम्हालाच का? कलाकार म्हणवून घ्यावं तर जीव मी घडवलेला नाही; अभ्यासक म्हणावं तर रंग मी घातलेले. दोन्ही घरचे पाहुणे आम्हीच, आणि जेवायला कुणीच थांबवत नाही.

बरं, काहीच घालायचं नाही असं ठरवलं तरी? साधा पांढरा उजेड, फील्ड डायाफ्राम (दिव्याकडची झडप) मिटून त्याची कड फोकसमध्ये आणायची, कंडेन्सर मधोमध बसवायचा, अगदी १८९३ च्या कोहलरच्या पद्धतीने. पॅरामिशियम दिसतच नाही धड. दिसावं म्हणून अॅपर्चर डायाफ्राम (कंडेन्सरची झडप) मिटत न्यावा तर कडांभोवती काळ्या-पांढऱ्या रेघा उमटतात. त्या जीवाच्या नव्हेत, उजेडाच्या. ऑब्जेक्टिव्हचं वर्तुळ सत्तर-ऐंशी टक्के भरलेलं ठेवलं की थांबावं, असं सगळे सांगतात. म्हणजे खोटं किती चालेल याचंही माप ठरलेलं.

डायटमची, म्हणजे काचेसारख्या कवचाच्या सूक्ष्म शेवाळांची, प्रूफं मावशीला खरी वाटली, कारण ती करडी होती. त्यावर मी गप्प बसले. ४० एक्स, ०.६५ एनएला फोकसची खोली सव्वा मायक्रॉनच्या आसपास. फाइन फोकसच्या चाकावरची एक रेघ बहुतेक मायक्रोस्कोपवर दोन मायक्रॉनची, म्हणजे दर फोटोला अर्धी रेघ सरकायचं आणि मग सगळे थर कॉम्प्युटरवर एकत्र शिवायचे. हे शिवणाऱ्या झेरीन सॉफ्टवेअरमध्ये पीमॅक्स ही पद्धत वापरली तर बारीक जाळी खुलते, पण कॉन्ट्रास्ट वाढतो, नॉइजही वाढतो. डीमॅप ही दुसरी पद्धत वापरली तर पोत गुळगुळीत राहतो पण एकमेकांवरून गेलेल्या काड्यांच्या कडा विरघळतात. इतका आरपार स्पष्ट डायटम आयपीसमधून कुणाच्याही डोळ्याला एका वेळी दिसलेला नाही. पण करडा आहे ना, मग खरा.

आता हे लिहिताना हसू येतंय. लोणारचं पाणी जून २०२० मध्ये गुलाबी झालं, पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने तपासणीअंती खारट पाण्यात वाढणाऱ्या हॅलोआर्किया सूक्ष्मजीवांकडे बोट दाखवलं. रंग निर्विवाद त्यांचाच. पण अशा एकेका पेशीची जाडी एक-दोन मायक्रॉन. तेवढ्याशा रंगद्रव्यात उजेड अडणार तरी किती? स्लाइडवर ती जवळजवळ बिनरंगीच दिसणार. जिथे रंग शंभर टक्के त्याचा, तिथेच फोटोत तो यायचा नाही. मावशीला हे सांगितलं तर म्हणेल, मग गुलाबी कागद लाव. लावेनही.

आणि डायटमच्या स्लाइड बनवणारा म्योलर? एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जर्मनीतल्या वेडेलमध्ये बसून त्याने एका स्लाइडवर चार हजारांहून जास्त डायटम हाताने ओळीत मांडले. आकार निसर्गाचे, ओळी त्याच्या. लोक अजून बघतात.

मग पॅरामिशियमचं स्वतःचं काय, असा विचार करत गेलं तर पहिल्यांदा वेग आठवतो. पॅरामिशियम सेकंदाला मिलिमीटरभर पोहतो. १/२५० सेकंदाच्या शटरला तो चार मायक्रॉन सरकलेला असतो, म्हणजे दहापटीने सेन्सरवर ४० मायक्रॉन: सरासरी कॅमेऱ्यात दहा पिक्सेलची फरफट. १/२००० ला ती एका पिक्सेलवर येते, म्हणून फ्लॅश. स्वस्त एलईडी मंद केला की लुकलुकतो आणि इतक्या कमी वेळात चित्रावर आडवे पट्टे उमटतात. तो पोहण्याचा हट्ट पुरेपूर त्याचा. मेथिल सेल्युलोजच्या दोन-तीन टक्के द्रावणात तो रेंगाळतो, तरी त्याच्या आतली पाणी उपसणारी चांदणीसारखी पिशवी भरायची आणि रिकामी व्हायची थांबत नाही. ०.१७ मिलिमीटर जाडीची, २२ बाय २२ मिलिमीटरची कव्हरस्लिप (वर झाकायची पातळ काच), खाली वीस मायक्रोलिटर पाणी, म्हणजे जेमतेम चाळीस मायक्रॉन उंचीची खोली. चार कोपऱ्यांना व्हॅसलीन लावलं तर ती खोली टिकते. नाही लावलं तर पाणी उडत जातं, छत खाली येतं, जीव चपटा होत जातो आणि आतलं सगळं विलक्षण स्पष्ट दिसू लागतं. सर्वांत चांगले फोटो फुटण्याआधीच्या त्या मिनिटातले असतात. यावर आज नको.

उद्याची कामं. प्रत्येक प्रिंटखाली उजेडाची पद्धत लिहायची: ऱ्हाइनबर्ग, निळा मध्य, केशरी कडं. लपवायचं नाही, माफीही मागायची नाही. दुसरं, मापं. प्रिंटवाला छत्तीस इंचाचा आग्रह धरून बसलाय. साडेतेवीस मिलिमीटरच्या सेन्सरवर १० एक्सला चौकटीत २.३५ मिलिमीटर मावतात. ०.२५ एनएला दोन बिंदू वेगळे दिसायला साधारण १.३ मायक्रॉन अंतर लागतं, म्हणजे रुंदीत साडेसतराशे बिंदू, बिंदूला दोन धरून साडेतीन हजार पिक्सेल. ३०० डीपीआयला (इंचाला तीनशे पिक्सेल) बारा इंच. त्यापुढचे चोवीस इंच नुसते माझे आणि प्रिंटवाल्याचे. ४० एक्सला गंमत उलटी: पट वाढली तरी हिशोब साडेसात इंचांवर येतो, म्हणजे डायटम पॅरामिशियमपेक्षा लहान छापायचे. फ्रेमवाल्याला सकाळीच फोन करून सांगायला हवं, दोन मापं लागतील, आणि लहान फ्रेमना माउंट बोर्ड रुंद.