शाळेत पोलिसाचं काय काम? तुम्ही विचारलंत म्हणून

लग्नात, मयतीत, सक्करदऱ्याच्या बुधवार बाजारात, कुठेही भेटलात की तुम्ही हेच विचारता. माझे जुने सहकारी म्हणतात, "अबे, चौतीस वर्षं खाकी घातली अन् आता शाळेच्या गेटवर उभा राहून राहिला?" पालक जरा जपून विचारतात, "सर, मुलं घाबरत नाहीत का तुम्हाला?" आणि जुलैतलं प्रकरण ज्यांच्या कानावर आहे ते म्हणतात, "अजून तिथेच आहात?" आजवर दोन वाक्यांत उत्तर देऊन मी निघून आलो. आज सगळं लिहितो.

पैशासाठी गेलो नाही. मे २०२४ मध्ये सहायक फौजदार म्हणून निवृत्त झालो, पेन्शन पुरते. ऑगस्टमध्ये बदलापूरच्या शाळेतल्या त्या दोन चिमुकल्यांवरच्या अत्याचाराची बातमी आली. शाळांनी कॅमेरे लावावेत, कर्मचाऱ्यांची चारित्र्य पडताळणी करावी, असा शासन निर्णय निघाला. आमच्या भागातल्या एका संस्थेला हे काम समजणारा माणूस हवा होता. मला विचारलं, मी त्याच दिवशी हो म्हटलं. कारण तुमच्यापैकी नागपूरकरांना सांगायला नको. सप्टेंबर २०१४ मध्ये लकडगंज भागात शाळेच्या बसमधून उतरलेल्या आठ वर्षांच्या मुलाला ओळखीच्या माणसाने नेलं आणि मारलं. त्यानंतर कितीतरी दिवस या शहरातल्या प्रत्येक पोलिसाला, तो कुठल्याही ठाण्याचा असो, लोक एकच विचारायचे: तुम्ही काय करत होता? मी त्या तपासात नव्हतो. तरी तो प्रश्न माझ्या अंगाला चिकटला तो निघाला नाही.

पहिल्या वर्षी काय केलं तेही ऐका, कारण ते कोणी विचारत नाही. व्हॅनवाल्यांची लायसन्स, पत्ते, मागचे गुन्हे तपासले. दोघांचं शाळेत येणं बंद केलं. शाळेपासून शंभर यार्डांच्या आत तंबाखू विकायची नाही, हा कायदा २००३ चा आहे, आणि आमच्या गेटसमोरच्या टपरीवर खर्रा घोटला जात होता. आठवीतल्या पोरांच्या दप्तरात पुड्या निघायच्या. दोन शिक्षकांना सोबत घेऊन मी टेप लावून अंतर मोजलं, अर्ज केला, टपरी हलली. जानेवारीत नायलॉन मांजाच्या चकऱ्या गोळा केल्या. आणि एक मुलगी सुटल्यावर घरी जायला रोज घुटमळते, हे मला दिसलं. मुख्याध्यापिका बाईंना सांगितलं. त्या तिच्याशी बोलल्या, आणि दोन दिवसांत पोक्सोखाली, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराच्या कायद्याखाली, गुन्हा दाखल झाला. यापेक्षा जास्त लिहिणार नाही. जबाब घ्यायला महिला अधिकारी साध्या कपड्यांत आल्या, कायद्यात तसंच आहे. मी बाहेर व्हरांड्यात थांबलो होतो. त्या दिवशी वाटलं, इथे आलो ते बरं केलं.

आता जुलै.

सहलीचे ६,४०० रुपये एका पाकिटात होते, पाकीट शिक्षकांच्या टेबलावर. पी.टी.च्या तासानंतर ते दिसेना. त्या तासाला वर्गात तीन मुलं थांबली होती. मी हजेरीतून तिघांची नावं, पत्ते काढले. एकाचं आडनाव आणि वस्ती वाचली आणि तिथेच थांबलो. त्याच्या बापाला बऱ्याच वर्षांपूर्वी मोटारसायकल चोरीत मीच ठाण्यात आणलं होतं. बाकीच्या दोघांना मी काहीच विचारलं नाही. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

शाळा साडेबाराला सुटते. सगळ्या वर्गासमोरून त्याला खेळाच्या सामानाच्या खोलीत नेलं. तेरा वर्षांचा मुलगा. दार लोटलं, त्याला मॅटच्या गठ्ठ्यावर बसवलं आणि दार नि तो यांच्या मध्ये मी खुर्ची टाकली. हात उचलला नाही, आवाज चढवला नाही. हे नंतर मी प्रत्येकाला पुन्हा पुन्हा सांगत होतो, जणू तेवढ्याने मी सुटत होतो. मी नुसता गप्प बसलो. नवख्या आरोपीला ती शांतता सोसत नाही, हे मला पक्कं माहीत होतं. मग म्हटलं, "मला सगळं माहीत आहे. तू सांग आणि घरी जा." तो सारखा भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होता. मी मनात नोंद केली: नजर स्थिर नाही, निघायची घाई.

पाऊण तास होत आला तेव्हा तो म्हणाला, "घेतले."

कुठे ठेवले? "खर्च केले." कशावर? त्याला सांगता येईना. हाती मुद्देमाल नाही, सांगण्यात तपशील नाही. कुठल्याही हवालदाराने तिथे थांबायला हवं होतं. मी ऑफिसात जाऊन म्हटलं, "कबूल केलं."

चौथ्या दिवशी पाकीट सापडलं. सरांनीच ते उत्तरपत्रिकांच्या गठ्ठ्यात ठेवून गठ्ठा कपाटात टाकला होता.

तोवर तो शाळेत यायचा बंद झाला होता. बाईंनी आईला बोलावलं, ती मुलाला घेऊन आली. धुणीभांडी करते, अर्धा दिवस बुडवून आली होती. माझ्यावर ओरडली असती तर बरं झालं असतं. ती म्हणाली, "त्यानं घेतले असते तं मीच त्याले कान धरून आणलं असतं साहेब. माही पोरगी दोन वाजेपर्यंत अंगणवाडीच्या पायरीवर बसून होती." अंगणवाडी एकला सुटते. बहिणीला घरी न्यायचं काम त्याचं. घड्याळ तो त्यासाठी बघत होता. मी विचारलं, मग घेतले असं का म्हणालास? तो खाली बघत म्हणाला, "तुम्हीच म्हणले ना सर, सांग आणि घरी जा."

पोलिसापुढे दिलेली कबुली कोर्टात चालत नाही. पुरावा कायद्याचं कलम २५, आता नव्या कायद्यात कलम २३. चौतीस वर्षं मला ती अडचण वाटत आली. इंग्रजांनी १८७२ मध्ये आपल्यावर अविश्वास दाखवून ठेवला आणि तो कोणी काढला नाही, असं मी नव्या शिपायांना शिकवायचो. आता रात्री जाग येते तेव्हा मी माझ्याकडचे जबाब आठवत बसतो. किती जणांना कुठेतरी जायचं होतं?

तुमच्यातले काही लगेच म्हणतील, म्हणूनच शाळेत पोलीस नको. थांबा. व्हॅनवाल्याचा मागचा गुन्हा मी शोधला. ज्या नजरेने त्या मुलीचं घुटमळणं पकडलं, त्याच नजरेने या मुलाचं घड्याळ बघणं पकडलं. नजर एकच आहे. ती अर्धी घरी ठेवून येता येत नाही. आणि जे म्हणतात अमेरिकेत शाळाशाळांत पोलीस असतात, आपल्याकडेही हवेत, त्यांनाही सांगतो. माझा पुतण्या टेक्सासमध्ये आहे, त्याने सांगितल्यावर मी सगळं वाचून काढलं. तिथल्या युव्हाल्डी गावात शाळांचं स्वतःचं पोलीस खातं होतं. २४ मे २०२२ ला शाळेत बंदूकधारी शिरला. ३७६ पोलीस जमले, आणि त्याला गाठायला ७७ मिनिटं लागली. १९ मुलं आणि २ शिक्षिका गेल्या. नुसता पोलीस असून भागत नाही. तो नसून भागतं, असंही मला म्हणता येत नाही.

मुलाखतीत संस्थेने विचारलं होतं, मुलांशी जमेल का? मी म्हणालो होतो, दोन महिन्यांत सरळ करतो. ते वाक्य बोलणारा माणूस आज समोर आला तर त्याला गेटमधून आत घेऊ नका असं मी सांगेन. पण त्याला घेतलं नसतं तर त्या मुलीचं काय झालं असतं?

राजीनामा लिहिला होता. बाईंनी घेतला नाही. आता मी कुठल्याही मुलाला एकटा प्रश्न विचारत नाही. दिसलं ते लिहून बाईंकडे देतो, विचारायचं ते वर्गशिक्षक विचारतात.

माफी मागितली, पण ऑफिसात, दार लावून. त्याला नेलं होतं ते सगळ्यांसमोरून. मी म्हटलं, प्रार्थनेच्या वेळी सगळ्यांसमोर मागतो. बाई म्हणाल्या, त्याने तो आणखी डोळ्यांवर येईल, राहू द्या. आईला विचारलं, ती काही बोलली नाही. त्याला विचारायचं धाडस मला झालं नाही.

अकराव्या दिवशी तो शाळेत आला. आता नववीत जाईल. सुटल्यावर तो सगळ्यात आधी गेटबाहेर पडतो, पळतच. पावणेएकपर्यंत वळणावरच्या पिंपळापाशी पोचतो, तोवर मी त्याच्याकडे बघत असतो. आमच्या वॉचमनला तो रोज नमस्ते करतो.