मामाचा खोका

भाच्याने रविवारी परत ताईचा मोबाईल माझ्या हातात कोंबला आणि म्हणाला, मामा, एक तरी मॅच खेळा की. गेमचं नाव आता बीजीएमआय आहे, २०२० ला पब्जीवर बंदी आली आणि २०२१ ला तीच बया नाव बदलून परत आली, पण आमच्या गल्लीत अजून सगळी पोरं पब्जीच म्हणतात.

खेळलो. १०० जण विमानातून उड्या टाकतात, खाली ८ बाय ८ किलोमीटरचं बेट, घराघरात घुसून बंदुका गोळा करायच्या आणि एकजण उरेपर्यंत एकमेकांना उडवायचं. नशिबानं माझ्या हातून एक मेला पण. भाचा किंचाळला, "मामा, किल!" आणि मला काहीच झालं नाही. आनंद नाही, वाईट वाटलं नाही, साधी धडधड पण नाही. आपल्यातच काय तरी बिघाड असणार असं वाटलं, कारण गल्लीतली निम्मी पोरं जेवताना पण ह्याच्यावरनं भांडतात.

आता हिंसा वगैरे वाईट म्हणून मी नाक मुरडतोय असं पण नाही हां. आम्ही सांगलीकर, विष्णुदास भाव्यांच्या नाटकात राक्षस आरोळ्या ठोकत यायचे ते गाव हे, आणि कुस्तीच्या मैदानात मी स्वतः घसा बसेपर्यंत ओरडलोय. पण तिथं पाठ टेकलेला पैलवान उठतो, अंगावरची माती झटकतो, त्याचं तोंड बघवत नाही. इथं मेलेल्या माणसाचा खोका होतो. खरंच, लाकडी खोका! रक्त हिरवं, आणि त्यो खोका उघडून गोळ्या नि मलमपट्ट्या काढून घ्यायच्या. किराणा भरल्यासारखं.

एकाच गोष्टीनं मला हलवलं, ती म्हणजे झोन. पांढरा गोल लहान होत जातो, बाहेरनं निळी भिंत सरकत येते, तिच्या मागं राहिला त्याचा जीव कमी होत जातो, म्हणून सगळे पळतात. आम्ही सांगलीच्या गावभागातले, २०१९ च्या ऑगस्टमधल्या महापुरात दर तासाला कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी किती चढलं तो आकडा विचारत बसलेलो, ४० फुटांला इशारा, ४५ ला धोका, आणि पाणी गेलं ५७ च्या वर. त्यामुळं भाचा "मामा, पळा, झोन आलाय!" म्हणून बोंबलत होता तेव्हा मी काय केलं, तर समोरच्या घरात शिरलो आणि जिना चढून वरच्या मजल्यावर जाऊन बसलो. पाणी आलं की माणूस वरच जाणार ना.

तिथंच मेलो. निळ्या भिंतीला मजले कळत नाहीत म्हणे.

भाचा तेवढ्यात स्वतःचा जीव कमी करून घेऊन पळत आला आणि माझा खोका उघडला. आत दोन बँडेज आणि एक तवा. "मामा, आख्ख्या मॅचमध्ये तुम्ही हे गोळा केलंत?"

तवा चांगला जाड होता पण.