तुम्ही विचारलंत म्हणून : फॅमिली थेरपी शिकायला कुठे जाऊ?

महिन्यातून दोन-तीनदा तरी हा फोन येतो. कधी एमएच्या फॉर्मची तारीख जवळ आलेली मुलगी असते, कधी चाळिशीत बँकेतली नोकरी सोडायच्या विचारात असलेली बाई. "मॅडम, मला नवरा-बायकोचं, घरच्यांचं समुपदेशन शिकायचंय. कुठला कोर्स घेऊ?" दादरला दोन पेशंटांच्या मधल्या दहा मिनिटांत या प्रश्नाला न्याय देता येत नाही, म्हणून सवडीने लिहिते आहे.

आधी एक गोष्ट स्पष्ट असू दे. आपल्याकडे 'मॅरेज अँड फॅमिली थेरपिस्ट' असा वेगळा परवाना नाही. अमेरिकेत आहे. कॅलिफोर्नियाने तो १९६३ मध्ये सुरू केला आणि आज तिथल्या पन्नासही राज्यांत तो आहे. आपल्याकडे मानसशास्त्रात एमए करायचं किंवा समाजकार्यात एमएसडब्ल्यू, आणि कुटुंबासोबत काम करायला त्याच्या आत शिकायचं. त्यामुळे माहितीपत्रकात 'फॅमिली' हा शब्द किती मोठ्या अक्षरांत छापलाय, यावरून काहीच कळत नाही.

मानसशास्त्र की समाजकार्य, हे तुम्हाला पुढे कुठे बसायचंय त्यावर ठरवा. कुटुंब न्यायालयांचा कायदा १९८४ चा, मुंबईचं न्यायालय १९८९ पासूनचं. वांद्र्याच्या त्या इमारतीत विवाह समुपदेशक म्हणून बसायचं असेल, तर समाजकार्याची पदवी लागते. पोलिसांच्या आवारातला महिला व मुलांसाठीचा विशेष कक्षही 'टिस'ने (टाटा सामाजिक विज्ञान संस्थेने) १९८४ मध्येच मुंबई पोलीस आयुक्तालयात सुरू केला आणि तो समाजकार्याच्या माणसांनीच उभा केला. 'क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट' म्हणवून घ्यायचं असेल, तर नुसती एमए पुरत नाही. भारतीय पुनर्वास परिषदेची मान्यता असलेलं पुढचं प्रशिक्षण आणि तिथली नोंदणी लागते. हे नियम सध्या बदलत आहेत, तेव्हा ज्या वर्षी प्रवेश घ्याल त्या वर्षीचे स्वतः वाचा. देवनारचं 'टिस', कलिन्याचा विद्यापीठाचा विभाग, एसएनडीटी, निर्मला निकेतन ही नावं तुम्हाला ठाऊकच आहेत. मला त्यांचे नंबर लावायचे नाहीत.

मला तुम्हाला एकच प्रश्न हातात द्यायचाय. तो प्रवेश घेण्यापूर्वी त्या संस्थेतल्या शेवटच्या वर्षाच्या दोन मुलांना विचारा, प्राध्यापकांना नव्हे: "दोन वर्षांत किती कुटुंबं एका खोलीत, एकत्र, तुमच्यासमोर बसली? आणि तेव्हा तुमच्यावर लक्ष ठेवायला कोण होतं?"

हा प्रश्न मला फार उशिरा सुचला. मी आधी रविवारचा एक डिप्लोमा केला होता. शिकवणारे चांगले होते, नोट्स चांगल्या होत्या, आम्ही एकमेकींच्या सासवा-सुना होऊन नाटुकली केली आणि सर्टिफिकेट मिळालं. खरंखुरं कुटुंब मात्र त्या वर्षभरात एकदाही पाहिलं नाही. नंतर खरं कुटुंब समोर आलं तेव्हा बोलायची सुरुवात कोणापासून करायची, हेसुद्धा मला कळेना. त्या माणसांचा त्या दिवशी वेळ गेला, भाडं गेलं आणि बहुधा आशाही गेली, कारण ती परत आली नाहीत. त्याची टोचणी अजून आहे.

मग एमए केलं आणि फील्डवर्कला मला एक बाई सुपरव्हायझर मिळाल्या. त्यांच्यामुळे मी आज हे काम करते आहे. दुसऱ्याच महिन्यात लालबागकडची तीन माणसं आली (खुणा बदलून सांगते): आई, मुलगा, सून. लग्नाला दीड वर्ष झालेलं. मधल्या खुर्चीवर आई बसल्या. सुपरव्हायझर बाई तिघांची परवानगी घेऊन दाराजवळ वही घेऊन बसल्या. मी पाऊण तास बोलले आणि मला वाटलं, बरं झालं. ती मंडळी गेल्यावर बाईंनी विचारलं, "सासूबाईंना किती प्रश्न विचारलेस?" मी म्हटलं, चार-पाच असतील. त्यांनी वही पुढे केली. पेन्सिलने चार उभ्या रेघा आणि त्यांवर एक आडवी, असे हिशेब मांडलेले. सून अकरा, मुलगा सहा, सासू एक. आणि तो एक प्रश्न होता, "पाणी देऊ का?"

अमेरिकन मनोविकारतज्ज्ञ मरे बोवेनचा त्रिकोण मी तोवर परीक्षेत दोनदा लिहिला होता: दोन माणसांतला ताण सोसेनासा झाला की ती तिसऱ्याला आत ओढतात, आणि थेरपिस्टही असा तिसरा होऊ शकतो. पण मी सुनेच्या बाजूने कधी जाऊन बसले, हे मला त्या रेघांनी दाखवलं. अशी वही धरणारं माणूस ज्या अभ्यासक्रमात आहे, तो इमारत जुनाट असली तरी घ्या. ते नसेल तर बाकी सगळं असूनही घेऊ नका, असंच मी सांगेन.

त्याच कुटुंबाचं आणखी एक. आमच्या नोंदी इंग्रजीत लिहायच्या असत. मुलाची तक्रार मी लिहिली होती ती अशी, की तो बायकोने केलेलं जेवण नाकारतो. बाईंनी ती ओळ वाचली आणि मला थांबवलं. "तो काय म्हणाला, त्याच्याच शब्दांत सांग." मी आठवून सांगितलं, "मी तिच्या हातचं खात नाही." आपल्याकडे 'हातचं' म्हटलं की त्यात जेवणापेक्षा कितीतरी जास्त येतं. कोणाच्या हातचं खायचं आणि कोणाच्या नाही, यावर घराण्यांचे संबंध तुटलेले आहेत. ते लग्न घरच्यांच्या मनाविरुद्ध झालं होतं, आणि तो मुलगा नकळत स्वतःच्या आईचं वाक्य बोलत होता. इंग्रजी नोंदीत हे सगळं गळून गेलं होतं. म्हणून दुसरं बघा: तिथे सुपरव्हिजन मराठीत, हिंदीत होतं का? घुसमट, रुसवा, माहेरपण, मन मारणं या शब्दांवर तिथे कोणी थांबतं का?

अभ्यासक्रमाच्या यादीत मिनुचिन, सटायर, बोवेन हे फॅमिली थेरपीचे अमेरिकेतले आद्य लोक असणारच, असायलाच हवेत. पण अमृतसरचे डॉ. विद्यासागर आहेत का, तेही पाहा. १९५० च्या दशकात तिथल्या मनोरुग्णालयात माणसं कमी, रुग्ण फार, आणि आणून टाकलेल्या रुग्णांना घरचे परत न्यायला येत नसत. विद्यासागरांनी नातेवाइकांनाच तंबू ठोकून आवारात राहायला लावलं. रुग्ण लवकर सावरू लागले आणि घरीही जाऊ लागले. त्याच दशकात तिकडे अमेरिकेत बोवेन अख्खी कुटुंबं संशोधनाच्या वॉर्डात ठेवून घेत होते. एकाचं नाव प्रत्येक पुस्तकात आहे, दुसऱ्याचं आपल्याच मुलांना माहीत नसतं, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

आणि तिसरं, कुटुंबांच्या घरी जाणं. समाजकार्याच्या मुलांना आठवड्याचे साधारण दोन दिवस फील्डवर्क असतं, ती वस्तीत जातात, म्हणून त्यांना घर दिसतं. मानसशास्त्राच्या मुलांना बऱ्याचदा फक्त खुर्ची दिसते. 'रोज अर्धा तास दोघांनीच बोला' असं पुस्तकात सहज लिहिता येतं. दीड खोलीत सहा माणसं असतील तर कुठे बोलायचं? माझ्याकडे येणारं एक जोडपं त्यासाठी करी रोडच्या प्लॅटफॉर्मवर बसायचं. ऑफिसातून येताना दोन गाड्या सोडायच्या, तेवढा त्यांचा संसार. हा उपाय त्यांचा त्यांनीच शोधला होता. मला फक्त तो ओळखता यायला हवा होता.

परदेशाचं थोडक्यात. अमेरिकेतलं प्रशिक्षण चांगलं असतं. सीओएएमएफटीई ही संस्था तिथल्या अभ्यासक्रमांना मान्यता देते, तेवढं जरूर पाहा. पण कर्ज काढण्यापूर्वी हिशेब मांडा. कॅलिफोर्नियाच्या परवान्याला देखरेखीखालचे ३,००० तास लागतात, किमान १०४ आठवड्यांत पसरलेले. त्यातले काही शिकतानाच मोजले जातात, तरी बरेच पदवीनंतर उरतात. आणि विद्यार्थी व्हिसावर पदवीनंतर काम करायची मुभा या विषयाला साधारणपणे १२ महिन्यांची. पुढचा व्हिसा न मिळाल्यास पदवी हातात आणि परवाना अर्धवट, अशी अवस्था होते. परत यायचंच असेल तर तो परवाना इथे लागतही नाही.

गेल्या आठवड्यात डोंबिवलीच्या एका मुलीने मी सांगितल्याप्रमाणे तीन ठिकाणच्या शेवटच्या वर्षाच्या मुलांना फोन केले. एकीकडे उत्तर आलं, "कुटुंबं? आम्ही वैयक्तिकच बघतो." दुसरीकडे एक मुलगा बराच वेळ आठवत राहिला आणि म्हणाला, "दोन, पण सर बाहेर होते." तिसरीकडची मुलगी म्हणाली, "नऊ. आणि पहिल्या तिघांच्या वेळी मॅडम माझ्या शेजारी होत्या." तिसऱ्या ठिकाणची फी जास्त नाही, पण रोज दोन गाड्या बदलाव्या लागतील. ती फॉर्म तिथलाच भरते आहे.

प्रवेशाआधी एकदा प्रत्यक्ष पाहायचंय, असं तिने विचारलं. मी माझ्याकडच्या एका घरच्या सगळ्यांना वेगवेगळं विचारलं, कोणाचीही ना असली तर ना, असं सांगून. मुलगा हो म्हणाला, सून हो म्हणाली. आजींनी थोडा विचार केला. "मराठी कळतं ना तिला?" मी म्हटलं, कळतं. "मग येऊ दे. पण दारापाशी नको बसवूस, आमच्यात बसव."