आमची वाटचाल : उद्यमबागेतला ट्यूबचा धंदा

बेळगावात उद्यमबागेत जो तो फाउंड्री नाहीतर मशीनशॉप टाकत होता तेव्हा आम्ही दोघा भावांनी स्टेनलेस ट्यूबमध्ये उडी घेतली. एक सेकंडहँड पिल्गर मिल (ट्यूब रोलनं दाबून बारीक करायचं मशीन), ड्रॉ बेंच (ट्यूब साच्यातून ओढायचा) आणि ॲनीलिंगची, म्हणजे ट्यूब तापवून मऊ करायची भट्टी, एवढंच भांडवल. पिल्गरवर प्रत्येक स्ट्रोकला ट्यूब थोडी पुढं सरकते, तो फीड, आणि थोडी फिरते, तो टर्न. फीड वाढवला की माल भराभर पडतो पण भिंतीची जाडी इकडंतिकडं होते, म्हणून आमच्याकडं फीड आजही मीच लावतो.

मधली वर्षं बरी गेली. सांगायचंय ते 304 च्या, म्हणजे नेहमीच्या स्टेनलेसच्या, एका लॉटचं. पुण्याकडची मोठी पार्टी, ओडी (बाहेरचा व्यास) जरा कमी हवा होता, म्हणाले ॲनील केलेल्या ट्यूबलाच बेंचवर पाच-सात टक्क्यांचा हलका पास द्या, म्हणजे एकदा थोडंसंच ओढा, आणि परत भट्टीत घाला. मी लेखी कळवलं की असं करू नका, ग्रेन, म्हणजे धातूतले कण, फुगतील. ऐकलं नाही. बेंड केल्यावर ट्यूबचा पृष्ठभाग संत्र्याच्या सालीसारखा झाला, आणि खापर आमच्यावर!

सॅम्पल पॉलिश करून ऑक्झॅलिक ॲसिडनं एच केलं, म्हणजे ग्रेनच्या कडा उठून दिसाव्यात म्हणून पृष्ठभाग जरा खाऊ दिला, आणि मायक्रोस्कोपखाली धरलं. आमचा नेहमीचा ग्रेन 7 नंबर, म्हणजे साधारण 32 मायक्रॉन, आणि या लॉटचा 3 नंबर, सव्वाशेच्या आसपास; नंबर लहान तेवढा ग्रेन मोठा. जबर रोलिंग झालं की 1050 डिग्रीला ठिकठिकाणी नवे ग्रेन उगवतात, एकमेकांना अडवतात, बारीक राहतात. हलक्या पासात उगवतात मोजकेच, मग ते ऐसपैस पसरतात. हे सगळं फोटोसकट पाठवलं, उत्तर नाही. लॉट परत, बँकेचे हप्ते थकले, वर एका कॉम्पिटिटरनं गावभर केलं की यांची ट्यूब फुटते. फुटली एकही नव्हती.

तेव्हा निपाणीकडचे एक अण्णा, दुधाच्या मशिनरीवाले, स्वतः आले, फोटो बघितले आणि म्हणाले, "मला तुझीच ट्यूब पाठीव की, बाकीचं कशाला सांगतोस." ॲडव्हान्स देऊन गेले. त्यावर भट्टी चालू राहिली.

नवीन पोरांना सांगतो, खिशात मॅग्नेट ठेवा. रोल केलेली 304 मॅग्नेटला धरते कारण आत मार्टेन्साइट, म्हणजे पोलादाचं मॅग्नेटला चिकटणारं रूप, झालेलं असतं, भट्टीतून आल्यावरही जोरात धरली तर ॲनीलिंग कच्चं, माल पुढं सोडू नका. आणि ग्राहक कितीही मोठा असू दे, पासचं शेड्यूल त्याच्याकडून घेऊ नका.

अण्णांचा मुलगा आता ऑर्डर देतो. पुण्याच्या पार्टीकडून त्या लॉटचे अर्धे पैसे अजून यायचेत.