जुन्या सेसनाला एडीएस-बी बसवताना पैसे कुठे वाचतात

अमेरिकेत 1 जानेवारी 2020 पासून वर्दळीच्या हवाई क्षेत्रात एडीएस-बी आउट, म्हणजे विमानाने आपली जागा आणि उंची रेडिओवरून आपोआप सांगत राहणं, सक्तीचं झालं आणि सेसनासारख्या छोट्या विमानवाल्यांसाठी स्वस्त उपकरणांची रांग लागली. त्यातलं सगळ्यात मोहात पाडणारं म्हणजे स्कायबीकन. पंखाच्या टोकाचा नेव्हिगेशन दिवा काढायचा आणि त्याच तारांवर हे जोडायचं. बाजारात आलं तेव्हा किंमत होती 1,850 डॉलरच्या आसपास.

भारतात ते घेऊ नका. ते 978 मेगाहर्ट्झवर बोलतं आणि ती सोय अमेरिकेपुरती आहे. आपली ग्राउंड स्टेशनं ऐकतात 1090 मेगाहर्ट्झ. कोणी सामानातून आणून दिलं तरी उपयोग दिव्यापुरताच.

आपल्याकडची सक्ती फ्लाइट लेव्हल 290 (साधारण 29,000 फूट) आणि त्यावरच्या मार्गांवर आहे. नेहमीची पिस्टन सेसना तिथवर चढत नाही, त्यामुळे धावपळ करण्याचं कारण नाही. पण पॅनेलमधला जुना केटी 76ए ट्रान्सपाँडर (रडारला उत्तर देणारा डबा) कधीतरी दगा देणारच. त्याची कॅव्हिटी ट्यूब (सिग्नल पाठवणारी नळी) म्हातारी झाली की रडारवरचं उत्तर आधी मंद होतं, मग येतंच नाही. तेव्हा ट्यूबवर पैसे घालवण्यापेक्षा 1090 एक्स्टेंडेड स्क्विटरचा, म्हणजे 1090 मेगाहर्ट्झवर एडीएस-बी पाठवणारा, मोड-एस ट्रान्सपाँडर घ्यावा, हे माझं ठाम मत.

स्वस्त मार्ग जुन्या ट्रेमधूनच, म्हणजे पॅनेलमधल्या डब्याच्या खोबणीतूनच, जातो. ट्रिगचा टीटी31 आणि बेंडिक्स किंगचा केटी 74 हे दोन्ही केटी 76ए च्या ट्रेमध्ये सरकतात. पॅनेल कापणं नाही, उंची कळवणाऱ्या ॲल्टिट्यूड एन्कोडरच्या तारा बदलणं नाही. समोरच्या भोकात ॲलन की घालून जुना डबा सोडवायचा, नवा आत ढकलून तोच स्क्रू आवळायचा. गोची होते ती इथेच. डबा तीन-चार मिलिमीटर बाहेर राहिला तरी दिवे लागतात, आकडे दिसतात, पण मागचा अँटेनाचा कोॲक्स प्लग टेकलेला नसतो. रडारवाला म्हणतो, ‘निगेटिव्ह ट्रान्सपाँडर’ (तुझं उत्तर दिसत नाही), आणि मालक नव्या डब्याला शिव्या घालतो. स्क्रू आवळल्यावर डब्याचा चेहरा पॅनेलशी सपाट बसला का, ते बोट फिरवून बघा.

नवी ओढावी लागते ती जीपीएसची डेटा तार. पॅनेलमध्ये जीएनएस 430डब्ल्यू जीपीएस असेल तर अर्धी लढाई जिंकलात, त्याची पोझिशन एडीएस-बीला चालते. नुसता 430 असेल, शेवटी डब्ल्यू नसेल, तर चालत नाही. 430डब्ल्यूच्या सीरियल पोर्टचं फॉरमॅट ट्रान्सपाँडरच्या इन्स्टॉलेशन मॅन्युअलमध्ये दिलंय तेच हवं. चुकलं तर ट्रान्सपाँडर चालतो, पोझिशन मात्र बाहेर जात नाही. टॅबलेटसाठी घेतलेला हातात धरायचा जीपीएस जोडण्याचा विचारही नको. त्याला प्रमाणपत्र नसतं. चालण्याजोगा जीपीएस अजिबात नसेल तर जीटीएक्स 335 ट्रान्सपाँडरचं अंगातच जीपीएस असलेलं मॉडेल घ्या. त्याला नवी रॅक, नवी वायरिंग आणि छतावर नवा अँटेना लागतो, म्हणजे मजुरी वाढली.

हा जीपीएस अँटेना बोलण्याच्या व्हीएचएफ रेडिओच्या अँटेनापासून लांब ठेवा. त्या रेडिओच्या 121.175 मेगाहर्ट्झचा तेरावा आणि 131.275 चा बारावा हार्मोनिक (तितक्या पटीची फ्रिक्वेन्सी) जीपीएसच्या 1575.42 मेगाहर्ट्झला जवळजवळ जाऊन धडकतो. बसवून झाल्यावर या फ्रिक्वेन्सींवर अर्धा मिनिट ट्रान्समिट करून जीपीएस टिकतो का ते बघा. हे हँगरबाहेर करा, पत्र्याखाली सॅटेलाइटच दिसत नाहीत.

पोटाखालच्या ट्रान्सपाँडरच्या अँटेनाकडे मुंबईत जास्त लक्ष द्यावं लागतं. दोन पावसाळे आणि समुद्राची हवा खाल्ली की त्याच्या बुडाशी पांढरी भुकटी धरते आणि बॉन्डिंग (पत्र्याशी विद्युत जोड) जातं. अँटेना उतरवा, पत्रा चकाकेपर्यंत घासा, गंजरोधक लावा, नवी गॅस्केट घाला. जुनी आरजी-58 केबल असेल तर त्याच वेळी आरजी-400 टाका. दोन मीटर केबलचा खर्च किरकोळ असतो. ॲन्युअलला (वार्षिक तपासणीला) गालिचा आणि सीट निघालेल्या असतात तेव्हा मजुरीही जवळजवळ फुकट पडते.

कागदपत्रं मात्र डबा मागवण्याआधी. एसटीसीच्या (बदलाच्या मंजुरीपत्राच्या) मॉडेल यादीत तुमचं विमान आहे का आणि डीजीसीए (हवाई वाहतुकीचं नियामक) ते कसं स्वीकारेल, हे एव्हिऑनिक्स रेटिंग असलेल्या सीएआर-145 शॉपला (मंजूर दुरुस्ती केंद्राला) आधी विचारा. डब्ल्यूपीसीच्या (रेडिओ परवाने देणाऱ्या सरकारी कार्यालयाच्या) एअरो मोबाइल लायसन्समध्ये नवा ट्रान्सपाँडर चढवावा लागतो. वेट अँड बॅलन्स, इलेक्ट्रिकल लोड आणि फ्लाइट मॅन्युअल सप्लिमेंट शॉपच्या कोटेशनमध्ये लिहून घ्या, नाहीतर नंतर ‘ते वेगळं’ ऐकावं लागतं.

सेटिंगमध्ये दोन चुका हमखास होतात. भारताचा 24 बिटांचा पत्ता (ट्रान्सपाँडर पाठवतो ती विमानाची ओळख) 800000 ते 83एफएफएफएफ यामध्येच असतो. विमान अमेरिकेतून आलेलं असेल तर डब्यात ए ने सुरू होणारा तिथला पत्ता राहून जातो. दुसरी, फ्लाइट आयडी. तिथे भारतीय नोंदणीचं व्हीटी आणि पुढची तीन अक्षरं सलग, मधली आडवी रेघ नको. फ्लाइट प्लॅनमध्येही तेच. रकाना 10बी मध्ये जुना सी तसाच ठेवू नका. एक्स्टेंडेड स्क्विटरसाठी ई आणि एडीएस-बी आउटसाठी बी1 लिहा.

शेवटची तपासणी करताना शेजाऱ्यांचा विचार करा. पिटो-स्टॅटिक टेस्टर (दाब बदलून खोटी उंची दाखवायला लावणारं यंत्र) लावून हँगरमध्ये 5,000 फूट दाखवलेत आणि ट्रान्सपाँडर चालू राहिला, तर सांताक्रूझच्या 27 क्रमांकाच्या धावपट्टीवरून नुकत्याच उडालेल्या एअरबसच्या टीकॅसला (टक्कर टाळणाऱ्या यंत्रणेला) जुहूच्या डोक्यावर एक भूत दिसतं. टेस्ट सेटचा कपलर (सिग्नल बाहेर पडू न देणारी टोपी) अँटेनावर चढवूनच दाब बदला.