डिश काढली तरी सिग्नल तेवढाच : हेलिक्स फीड, नोंद ६

आधी गोड बातमी. परवाच्या पासला (उपग्रह आपल्या आकाशातून जातो ती फेरी) मेटिओर एम-२-४ हा रशियन हवामान उपग्रह लॉक झाला आणि आठ मिनिटं सुटला नाही. सॅटडंप या डीकोडिंग प्रोग्राममध्ये एसएनआर (सिग्नल गोंगाटाच्या किती वर आहे ते) ११ पर्यंत चढला. एलआरपीटीवर (त्याच उपग्रहाचं हलकं, दाबलेलं प्रसारण) सहापैकी तीनच चॅनेल यायचे, आता सगळे सहा आणि तेही न दाबलेले (अनकंप्रेस्ड). कोकणावर ढग होते, घाटाच्या अलीकडे उघडीप. चित्र मोठं करत गेलो तर हिडकल धरणाचं पाणी सापडलं, त्याच्या खाली उजवीकडे नवीलुतीर्थ धरणाचं. एका पिक्सेलला एक किलोमीटर, म्हणजे दोन काळे डागच ते. बायको म्हणाली, "स्क्रीन पुसून घ्या आधी." मी ते डाग रात्री तीनदा उघडून बघितले.

आता पाच आठवडे कुठे गेले ते सांगतो.

फीड, म्हणजे डिशच्या समोर बसणारा स्प्रिंगसारख्या वेढ्यांचा (हेलिक्स) अँटेना, मागच्या वेळचाच. ५० मिमीचा शेतीचा पीव्हीसी पाइप, त्यावर ३ मिमी तांब्याची तार, म्हणजे मध्य व्यास ५३ आणि घेर १६६ मिमी. १७०० मेगाहर्ट्झची तरंगलांबी १७६ मिमी, तर घेर ०.९४ पट. बाकीचं पीव्हीसी सांभाळून घेतो. साडेपाच वेढे, दोन वेढ्यांमध्ये ४० मिमी अंतर, मागे १४० मिमीची ॲल्युमिनियमची ताटली. सगळं पुस्तकी. तरी वॉटरफॉलवर (सिग्नलच्या सरकत्या आलेखावर) सिग्नलचं कुबड नुसतं दिसायचं, एसएनआर २ च्या वर जायचा नाही.

पहिला संशय मॅचिंगवर, म्हणजे अँटेना आणि केबलचा मेळ बसण्यावर. हेलिक्सचा इम्पिडन्स १४० ओहमच्या आसपास, केबल ५० ची. पहिल्या पाव वेढ्याला तांब्याची पट्टी डाखली, काढली, रुंद केली, पुन्हा डाखली. हा मेळ मोजायचं माझं यंत्र, नॅनोव्हीएनए, १५०० मेगाहर्ट्झला थांबतं, म्हणजे अंधारात सुई ओवणं. शेवटी निपाणीच्या मित्राचा त्याहून वर जाणारा व्ही-टू आणला. मॅचिंग उत्तम निघालं! मग केबल. ऑनलाइन एका दुकानातून 'लो लॉस' म्हणून घेतलेली केबल सोलली तर आतली जाळी मच्छरदाणीपेक्षा विरळ. ती बदलली, अर्धा डीबी मिळाला. एलएनए (क्षीण सिग्नल वाढवणारा ॲम्प्लिफायर) म्हणून सॉबर्ड आहे, त्यालाही शिव्या घालून झाल्या. तो बिचारा निर्दोष.

मग एका संध्याकाळी वैतागून फीड डिशच्या दांड्यावरून उपसला आणि नुसताच आकाशाकडे धरला. कुबड तेवढंच! ९० सेंमीच्या डिशचा गेन (एका दिशेचा सिग्नल गोळा करायची ताकद) २१ डीबीच्या आसपास, नुसत्या फीडचा १० धरा. डिश काढल्यावर सिग्नल धाडकन पडायला हवा होता.

इथेच डोकं चालायला हवं होतं. चाललं नाही. मी ठरवलं की फोकस चुकलाय, आणि दोन पास फीड सेंटिमीटर-सेंटिमीटर पुढेमागे सरकवण्यात घालवले.

सोडवलं आमच्या वडगावातल्या आप्पांनी. चाळीस वर्षं माग चालवलेला माणूस. कट्ट्यावर फीड पडलेला बघून म्हणाले, "पीळ बरा घातलायस की रे. झेड हाय न्हवं?"

मी म्हटलं, "आप्पा, डावा पाहिजे."

"मग एस पाहिजे. हे झेड हाय की."

सुताचा पीळ बघायची त्यांची रीत साधी. समोरून दिसणारी तिरकी रेघ एसच्या पोटासारखी की झेडच्या. पाइप उलटा करा, पालथा करा, पीळ बदलत नाही. नेहमीचा स्क्रू झेड. मी मात्र प्रत्येक वेळी 'घड्याळाच्या दिशेने' म्हणून तपासत होतो, आणि एकदा पुढून, एकदा मागून बघून स्वतःलाच फसवत होतो. मेटिओर उजव्या पिळाचा सिग्नल पाठवतो, डिशवर आपटून तो डावा होतो, म्हणून फीड डावा हवा. हे माहीत होतं हो! नोंद २ मध्ये मीच लिहिलंय.

मग उजवा झाला कसा? तार उकलली. खाली बटर पेपरवर छापलेला साचा. नखाने खरवडत तळाशी आलो, तर ताटलीच्या आड दडलेली माझीच अक्षरं आरशातल्यासारखी उलटी. शाई पुसू नये म्हणून छापलेली बाजू आत करून चिकटवला होता. सगळ्या रेघांचा पीळ तिथेच फिरला.

नवा पाइप, नवी तार, ताटली तीच, एस पीळ. पुढचं वर आलंच आहे. डिश अजून हातानेच फिरवतो. बीम साधारण १४ अंशांचा, त्यामुळे जमतं, दुसऱ्या दिवशी खांदा बोलतो तेवढंच. डिश आपोआप फिरवणाऱ्या रोटेटरचं काम हाती घेणार होतो...

पण लिहिता लिहिता सुचलं : उकललेली तार पहिल्या पाइपवर परत चढवली तर तो नुसता हेलिक्स म्हणून उजवाच आहे की. १५४० मेगाहर्ट्झला त्याचा घेर तरंगलांबीच्या ०.८५ पट होतो, ॲक्सियल मोडला (सरळ समोरचं ऐकायला) चालतो. वेढे दहा केले तर हिंदी महासागरावरच्या इनमारसॅट उपग्रहाचे (तोही उजवाच पाठवतो) जहाजांसाठीचे इशारे डिशशिवाय यायला हरकत नाही. उपग्रह जागचा हलत नाही, खांदाही वाचेल. फक्त सॉबर्डचा फिल्टर १६८८ भोवतीचा, १५४० त्यातून सुटायचं नाही. दुसरा एलएनए बघावा लागेल. कुणाकडे पडून असेल तर सांगा.

रोटेटर दिवाळीनंतर. दुसरी ताटली उद्यमबागेत सांगून आलोय, गुरुवारी देतो म्हणालाय.