मुख्य पात्राचा रकाना

गेल्या आठवड्यातली एक कृतिपत्रिका अजून माझ्या पिशवीतच आहे. खरं तर ती फायलीला लावायची होती. रोज काढून बघते आणि परत ठेवते.

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्याच्या पश्चिमेकडच्या जंगलपट्ट्यात आमची मराठी शाळा आहे. पहिली ते पाचवी मिळून 17 मुलं. शिक्षक दोघं, पण गुरुजींना सतत कुठलं तरी प्रशिक्षण नाहीतर सर्वेक्षण, त्यामुळे पाचही वर्ग बहुतेक वेळा माझ्याच पुढ्यात असतात. त्या दिवशी वीज नव्हती आणि पावसाच्या आवाजात फळ्याजवळचं बोलणं मागं पोचत नव्हतं. सगळ्यांना जवळ ओढून बसवलं.

विषय होता गोष्टीचे घटक. पात्रं, स्थळ, काळ, समस्या, घटनाक्रम, शेवट. वरून आलेल्या पत्रिकेत बारा ओळींचा उतारा होता: बाल्टो नावाचा शूर कुत्रा बर्फातून धावला, औषध पोचलं, मुलं वाचली. ज्यानं कुणी हे इतकं आखडलं, त्यानं गोष्टीतला जीवच काढून घेतला. मी उतारा बाजूला ठेवला आणि सगळी हकीकत सांगायला बसले.

जानेवारी 1925. अमेरिकेतल्या बर्फाळ अलास्काच्या टोकाला नोम नावाचं गाव. समुद्र गोठलेला, म्हणजे बोट बंद. रेल्वे नाही. त्या काळची विमानं उघडी, असल्या थंडीत त्यांचा भरवसा नाही. आणि गावातल्या लेकरांना घटसर्प झालेला.

इथंच पहिला हात वर आला. "बाई, घटसर्प म्हशीला होतो की!" बरोबरच होतं त्याचं. पावसाळ्याआधी गुरांना टोचायला येतात ते घटसर्पाचंच. गुरांचा रोग वेगळा आणि माणसाचा वेगळा, पण दोन्हीत गळा सुजतो. म्हणून नाव एकच पडलं, हे सांगितलं. नोमला हवी होती ती लस नव्हे, प्रतिविष. घोड्याच्या रक्तातून काढलेलं, रोग झाल्यावर द्यायचं. लस आधी, प्रतिविष नंतर, एवढा फरक तिसरीतल्या मुलीनंसुद्धा परत म्हणून दाखवला.

मग स्लेज. पत्रिकेत 'घसरगाडी' छापलंय. त्या शब्दानं मुलांना बागेतली घसरगुंडी आठवते. मी विचारलं, चिखलणीच्या वेळी बैलांमागं फळी लावता, तिच्यावर कोण उभं राहतं? निम्मे हात वर. चाक नाही, वर माणूस उभा, खाली चिखलाऐवजी बर्फ. स्लेज समजली. पण लगेच पुढचा प्रश्न आला, कासरा कुठं बांधायचा? कासरा नसतोच, म्हटलं. नुसत्या आवाजावर. 'जी' म्हटलं की उजवीकडं, 'हॉ' म्हटलं की डावीकडं. आणि तो आवाज ओळखून सगळ्यांना वळवतो तो पुढचा कुत्रा, म्होरक्या. यावर एकीनं विचारलं, "म्हणजे बैलाची म्होरकी?" मी फळ्यावर दोन्ही शब्द लिहिले, म्होरकी आणि म्होरक्या, आणि दोन्हींतला 'म्होर' अधोरेखित केला. म्होर म्हणजे पुढं. एक तोंडाला पुढं बांधतात, एक सगळ्यांच्या पुढं चालतो. शब्द असा घरच्या दावणीतून सोडून आणला की मुलं तो विसरत नाहीत. बावीस वर्षांत मला एवढं नक्की कळलंय.

नेनाना नावाच्या गावापर्यंत खोक्यात भरलेलं औषध आगगाडीनं आलं. तिथून नोम सुमारे 1085 किलोमीटर. टपालाच्या स्लेजला एरवी 25 दिवस लागायचे. 20 हाके, म्हणजे स्लेज हाकणारी माणसं, आणि दीडशेच्या आसपास कुत्र्यांनी ते साडेपाच दिवसांत पोचवलं, एकाच्या हातातून दुसऱ्याच्या हातात. थंडी शून्याखाली चाळीसच्या आसपास. टोगो नावाचा म्होरक्या बारा वर्षांचा, म्हणजे कुत्र्यात म्हाताराच. सगळ्यात लांबचा आणि धोक्याचा टप्पा त्याचा, गोठलेल्या समुद्रावरून. बाल्टोचा टप्पा शेवटचा, म्हणून गावात शिरला तो बाल्टो आणि न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कात त्याच वर्षी पुतळा झाला तोही बाल्टोचा.

माझा जेवणाचा डबा गोधडीत गुंडाळला आणि व्हरांड्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत मुलं उभी करून तो हातोहात नेला. मग पत्रिका वाटल्या.

पाचवीतला एक मुलगा आहे. धनगर वस्तीवरून येतो, वर्गात फारसं बोलत नाही. त्यानं मुख्य पात्राच्या रकान्यात लिहिलं होतं: 'खोका'.

मी विचारलं, "खोका कसा रे? तो कुठं धावला?"

"बाई, माणसं बदलली, कुत्री बदलली. शेवटपर्यंत तेवढाच होता की."

मी गप्प बसले, तर तोच पुढं बोलला. गेल्या पावसाळ्यात आजीला रात्री उचलून आणलं होतं. कांबळ्याची झोळी, मधे बांबू. त्याच्या बाबांनी आणि काकानं नाल्यापर्यंत आणलं, तिथं खालच्या वस्तीची माणसं कंदील घेऊन उभी होती, त्यांनी खांदा दिला. पुढं डांबरी रस्त्यापर्यंत आणखी दोघं. "मी मागनं चाललो होतो," म्हणाला. "खांदे सारखे बदलूलाले. झोळीत आजीच."

इतकी वर्षं मी मुख्य पात्र म्हणजे 'जो सगळ्यात मोठं काम करतो तो' असं शिकवत आले. ज्याच्यासाठी सगळं चाललंय ते, असं कधी मनातही आलं नव्हतं.

दुपारी भेटीला अधिकारी आले. पत्रिका चाळता चाळता त्यांनी याची काढली, 'खोका' वाचलं, उत्तरसूची बघितली आणि लाल पेनानं फुली मारली. मुलगा समोर उभा होता. मी सांगायला हवं होतं की साहेब, त्याला विचारा. तोंड उघडलंही होतं, पण ते हजेरीपटाकडं वळले, मग माध्यान्ह आहाराच्या नोंदीकडं, आणि मी तांदळाचा हिशेब सांगत बसले. घाईतला माणूस, वाईट नव्हे. पण ती फुली मी अडवू शकत होते आणि अडवली नाही.

दुसऱ्या दिवशी त्यानं पत्रिका मागून घेतली. परत दिली तेव्हा 'खोका' खोडलेला होता. इतकं घासून खोडलं होतं की कागद विरून आरपार उजेड दिसतो. त्यावर नीट, सुवाच्य अक्षरात 'बाल्टो'.

"का खोडलंस?" विचारलं.

"चुकलं होतं की."

"चुकलं नव्हतं," मी म्हटलं. त्यानं मान हलवली, पण पटलं नव्हतं हे मला दिसत होतं. लाल फुली तशीच होती. ती रबरानं जात नाही.

जेवणं झाल्यावर नळावर ताट धूत होता. जवळ जाऊन विचारलं, जे आदल्या दिवशीच विचारायला हवं होतं. "आजी कशी आहे रे आता?"

"बरी आहे. परत येताना चालत आली," तो म्हणाला. "कुणाला उचलूच दिलं नाही."